मलबरी स्ट्रीटवर जेवायला जाण्याआधी: पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

मी न्यू जर्सीत राहते. दर उन्हाळ्यात आमच्याकडे भारतातून कुणी ना कुणी येतंच. कधी आईबाबा, कधी नणंदेचे सासू-सासरे, कधी नवऱ्याच्या मित्राची पुतणी. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि टाइम्स स्क्वेअर उरकलं की तिसऱ्या दिवशी मोर्चा लिटल इटलीकडे, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या जुन्या इटालियन वस्तीकडे, वळतो, कारण फोटोत ते लाल-हिरवे-पांढरे पताके सगळ्यांनी पाहिलेले असतात. आणि मग ट्रेनमध्ये तेच ते प्रश्न. दरवेळी नव्याने सांगून घसा सुकला, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. यापुढे कुणी तिकीट काढलं की आधी हे वाचायला पाठवणार.

लिटल इटली नेमकं आहे कुठे? कसं जायचं?

मॅनहॅटनच्या दक्षिण भागात, मलबरी स्ट्रीटवर. कॅनाल स्ट्रीटपासून ब्रूम स्ट्रीटपर्यंतचे दोन-तीन चौक, एवढाच काय तो जीव. रमतगमत चाललात तरी दहा मिनिटांत संपतं. बाबांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं, "आणि पुढे?" पुढे चायनाटाउन. मागेही चायनाटाउन.

एडिसन किंवा मेट्रोपार्कहून येणार असाल तर ट्रेनने पेन स्टेशन, तिथून हेराल्ड स्क्वेअरपर्यंत चालत, आणि मग एन किंवा क्यू सबवेने कॅनाल स्ट्रीट. गाडी घेऊन येऊ नका. पार्किंगच्या पैशांत आणखी एक पिझ्झा येतो.

तिथे खरोखरचे इटालियन लोक राहतात का?

आता फार थोडे. पण एके काळी हा भाग खच्चून भरलेला होता. १८८० ते १९२० या काळात इटलीतून सुमारे चाळीस लाख माणसं अमेरिकेत आली, आणि त्यातली बहुतेक दक्षिणेकडची, म्हणजे नेपल्सच्या आसपासची, सिसिलीची, कालाब्रियाची. गरीब शेतमजूर. कित्येक पुरुष एकटेच यायचे, बांधकामावर राबायचे, पैसे गावी पाठवायचे आणि जमलं तर परत जायचे. आपल्याकडे कोकणातले चाकरमानी गिरणगावात यायचे, एकेका गावाची एकेक खोली असायची, अगदी तोच प्रकार. इथेही नेपल्सवाले मलबरी स्ट्रीटवर, सिसिलीवाले जवळच्या एलिझाबेथ स्ट्रीटवर, असे गाववार राहायचे. एकमेकांची बोलीही धड कळायची नाही म्हणतात.

१९२४ च्या कायद्याने इटलीहून येणाऱ्यांचा ओघ आटला. पुढची पिढी शिकली, पैसा आला, आणि लोक ब्रुकलिन, स्टेटन आयलंड, न्यू जर्सी असे पांगले. रिकाम्या खोल्यांत चायनाटाउन सरकत आलं. मागे उरली ती हॉटेलं, दोन-चार जुनी दुकानं आणि एक चर्च. चीजचं एक दुकान तर १८९२ पासूनचं होतं, तेही २०२३ मध्ये इथून गेलं. ज्यांना इटालियन मोहल्ला रोजच्या बाजारहाटासकट बघायचा असेल त्यांनी ब्राँक्समध्ये आर्थर ॲव्हेन्यूला जावं. मलबरी स्ट्रीट हा पाहुण्यांसाठी मांडलेला देखावा आहे. देखावा म्हणूनच बघितला तर मजा येते.

म्हणजे इथलं जेवण खरं इटालियन नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, विशेषतः युरोपची सहल करून आलेल्यांकडून. "आम्ही रोमला खाल्लं ते वेगळंच होतं हो." असणारच. रोमला तुम्ही रोमचं खाल्लंत. हे न्यूयॉर्कचं आहे.

आपल्या नाक्यावरच्या गाडीवरचं मंचुरियन चीनमध्ये कुणाला माहीत नाही. म्हणून ते खोटं ठरत नाही. कुणीतरी परक्या गावात जे मिळेल त्यातून, जे गिऱ्हाईक मिळेल त्याच्यासाठी रांधलं. इथेही तसंच झालं. जे लोक इटलीत सणावारालाच मांस बघायचे, त्यांना अमेरिकेत ते आठवडाभर परवडायला लागलं. मग मांसाच्या गोळ्या लिंबाएवढ्या होत्या त्या क्रिकेटच्या चेंडूएवढ्या झाल्या आणि थेट स्पगेटीवर जाऊन बसल्या. इटलीत गोळे वेगळे आणि पास्ता वेगळा वाढतात. वांग्याचं पार्मिजाना मूळचं तिकडचं, पण त्याच धर्तीवर कोंबडीचं केलेलं 'चिकन पार्म' हा इथला शोध. लोणी-लसूण थापलेला गार्लिक ब्रेडही इथलाच. आल्फ्रेडो सॉस रोममधल्या आल्फ्रेडो दी लेलियोच्या हॉटेलातून आला, पण तिकडे त्यात नुसतं लोणी आणि चीज. क्रीम ओतलं ते अमेरिकेने.

यालाच इथे 'रेड सॉस' हॉटेलं म्हणतात, कारण निम्म्या ताटल्या टोमॅटोच्या लाल सॉसखाली बुडालेल्या असतात. तिथे गेल्यावर लाल सॉसचंच काहीतरी मागवावं. नाजूक, मोजकं, दोन पानं वर ठेवलेलं काही हवं असेल तर दुसरीकडे चांगली हॉटेलं आहेत, आणि त्यांचं बिलही तसंच असतं.

हॉटेलच्या दारात एक माणूस मेनू घेऊन मागे लागतो. काय करायचं?

हसायचं आणि पुढे जायचं. लोणावळ्याला चिक्कीवाले बोलावतात तितपतच ते आहे. "बेस्ट टेबल फॉर यू, माय फ्रेंड," वगैरे चालू असतं. माझे सासरे प्रत्येकाला थांबून उत्तर द्यायचे, त्यामुळे आम्हाला एक चौक पार करायला अर्धा तास लागला होता.

बाहेर लावलेला मेनू दरांसकट वाचा. साधारण पास्ता वीस ते तीस डॉलर धरून चाला. खिडकीत शहराच्या आरोग्य खात्याचं अक्षर असतं, ए, बी किंवा सी. २०१० पासून ते लावणं बंधनकारक आहे, आणि तपासणीत जितके दोष तितके गुण. तेरापर्यंत ए, चौदा ते सत्तावीस बी, त्यापुढे सी. म्हणजे इथे कमी गुण मिळवणारा पहिला. स्वयंपाकघराच्या स्वच्छतेबद्दल तेवढं कळतं. चवीबद्दल त्यावरून काही कळत नाही.

आम्ही शाकाहारी आहोत. मिळेल ना काही?

भरपूर मिळेल. पण "व्हेजिटेरियन" एवढा एकच शब्द बोलून निर्धास्त होऊ नका. इथे त्या शब्दाचा अर्थ ताटात मांसाचा तुकडा दिसत नाही एवढाच होतो. अंडं त्यात बसतं, आणि पुष्कळदा कोंबडीच्या हाडांचं पाणीही नकळत बसून जातं.

आमच्या आत्याची गोष्ट. तिने मिनेस्ट्रोने सूप मागवलं. मेनूत गाजर, घेवडा, सेलरी, टोमॅटो अशी यादी. मी विचारलं, व्हेज आहे ना? वेटर म्हणाला, हो हो, सगळ्या भाज्याच. सूप आलं, आत्याने चमचा भरला, ओठांपर्यंत नेला आणि तिथेच थांबली. हुंगला. खाली ठेवला. "भाज्या आहेत गं, पण पाणी कुणाचं आहे?" मी आत जाऊन पुन्हा विचारलं तेव्हा कळलं, चिकन ब्रॉथ. वेटर खोटं बोलला नव्हता. त्याच्या लेखी ब्रॉथ म्हणजे पाणीच. तेव्हापासून मी सरळ यादीच म्हणून दाखवते: नो मीट, नो चिकन, नो फिश, नो ब्रॉथ, आणि लागलं तर नो एग. थोडं रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखं वाटतं, पण काम होतं.

आता एकेक बघू. मारिनारा हा टोमॅटो-लसणाचा साधा सॉस, बहुधा शुद्ध शाकाहारी. नावात दर्या असला तरी त्यात मासे नसतात. बोलोन्येझे आणि मीट सॉस अर्थातच नाही. 'संडे ग्रेव्ही' असं काही दिसलं तर आपली ग्रेव्ही समजू नका, त्यात तासन्‌तास मांस शिजलेलं असतं. कार्बोनारात डुकराचं मांस आणि अंडं. पुत्तानेस्कात अँचोव्ही नावाचे खारवलेले बारके मासे विरघळलेले असतात, दिसतही नाहीत. तेच मासे सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये. सॅलड म्हणून बिनधास्त मागवणारे इथे हमखास फसतात. रिसोट्टो, म्हणजे त्यांचा आसट भात, बऱ्याचदा चिकनच्या पाण्यात शिजतो. पेस्तो चालेल, तुळशीच्या जातीचाच पाला, पाइन नट्स, चीज. पिझ्झा मार्गेरिटा चालेल. आणि 'पेपरोनी' ऐकून ढोबळी मिरची समजू नका. इटालियनमध्ये पेपेरोनी म्हणजे खरंच ढोबळी मिरची, पण अमेरिकेत ते डुकराच्या आणि गाईच्या मांसाचं सलामी आहे. माझ्या एका भाच्याने भाषा शिकून आल्याच्या तोऱ्यात हीच चूक केली होती.

चीजचं एक सांगते, मग तुमचं तुम्ही ठरवा. अस्सल पार्मिजानो-रेज्यानो वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, आणि पेकोरिनो रोमानो कोकराच्या. काटेकोर पाळणाऱ्यांनी वरून किसलेलं चीज नको म्हणावं. वेटर किसणी घेऊन डोक्यावर उभा राहतो तेव्हाच सांगायचं, एकदा पडायला लागलं की थांबत नाही. मोझ्झारेलात बहुधा हा प्रश्न येत नाही, पण विचारलेलं बरं. आमच्याकडे आई "जे डोळ्यांना दिसत नाही ते मी विचारत नाही" असं म्हणून मोकळी होते. आत्या विचारते. दोघी एकाच टेबलावर जेवतात.

अंडं चालत नाही. मग?

सुका पास्ता, म्हणजे स्पगेटी, पेन्ने, रिगाटोनी, हा रवाळ गव्हाचं पीठ आणि पाणी एवढ्याचाच असतो. 'फ्रेश' किंवा 'होममेड' लिहिलं असेल तर त्यात अंडं असण्याचीच शक्यता जास्त. राव्हिओली, फेटुचिनी, लसान्या इथे विचारा. वांग्याचं पार्मिजाना दिसायला अगदी आपल्या वांग्याच्या कापांसारखं, पण काप अंड्यात बुडवून ब्रेडच्या चुऱ्यात घोळवलेले असतात. बटाट्याच्या न्योकीतही अंडं पडतं पुष्कळ ठिकाणी.

कांदा-लसूण नको असेल तर?

कठीण आहे, उगीच धीर देत नाही. लाल सॉस सकाळीच मोठ्या पातेल्यात करून ठेवलेला असतो, त्यातला लसूण आता कुणी काढून देणार नाही. पास्ता विथ बटर मागा, लहान मुलांसाठी म्हणून सगळीकडे करतात, आणि मोठ्यांनी मागितला तरी कुणी वयाचा दाखला मागत नाही. काप्रेझे सॅलड म्हणजे टोमॅटो, ताजं मोझ्झारेला आणि बेसिल. पांढरा, म्हणजे लाल सॉस नसलेला, पिझ्झाही सांगता येतो, लसूण न घालता. एवढ्यात पोट भरतं.

संकष्टी किंवा एकादशी असेल तर सरळ दुसऱ्या दिवशी या.

व्होडका सॉसमध्ये खरंच व्होडका असते?

असते. टोमॅटो आणि क्रीमच्या गुलाबी सॉसमध्ये घालून उकळतात. बरीचशी उडून जाते, सगळी नाही. 'मार्साला' असं नाव दिसलं तर ती वाइन. मारिनारातही कुणी कुणी वाइन घालतं. चालत नसेल तर "नो अल्कोहोल इन द सॉस" म्हणा, ते समजतात.

प्यायची असेल तर एकविसाव्या वर्षापुढे, आणि पासपोर्ट दाखवावा लागू शकतो. पासष्टीच्या काकांनाही मागितला होता. त्यांचा तो दिवस फार आनंदात गेला.

फार मिळमिळीत असतं का?

हो. टेबलावर लाल मिरचीच्या चुऱ्याची बाटली असते, नसली तर "रेड पेपर फ्लेक्स" मागा. मेनूत 'अर्राब्बियाता' असेल तर ते तिखट, नावाचा अर्थच रागावलेली. 'फ्रा दियावोलो' म्हणजे सैतानबुवा, तोही तिखट, पण त्यात बहुधा मासे किंवा कोळंबी असते. दोन्हींचा राग आपल्याकडच्या मानाने लुटुपुटुचा.

पर्समधून लसणाची चटणी काढली तर कुणी हाकलून देत नाही. मात्र रुमालाखाली काढा, अगदी डबा उघडून टेबलावर मांडू नका. एकदा शेजारच्या टेबलावरच्या बाईने वास घेऊन वेटरला विचारलं होतं की हे मेनूत कुठे आहे.

चौघांसाठी किती मागवायचं?

चौघांना चार ताटल्या मागवल्यात तर दोन घरी येतील. एक पिझ्झा, दोन पास्ता, एक सॅलड पुरे. ब्रेडची टोपली बहुधा फुकट येते, आणि आपली मंडळी भुकेच्या वेळी त्यावरच तुटून पडतात. मग पास्ता आल्यावर सगळ्यांचे हात आखडतात.

'एंट्रे' हा शब्द फसवा आहे. अमेरिकेत तो मुख्य पदार्थासाठी वापरतात, सुरुवातीच्या नाही. 'फॅमिली स्टाइल' लिहिलं असेल तर एकच मोठं ताट मध्ये ठेवतात आणि सगळ्यांनी वाटून घ्यायचं. काही ठिकाणी एक ताटली दोघांत वाटून मागितली तर वरचे काही डॉलर लावतात, मेनूच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं. चष्मा लावून वाचा. आणि वेटर 'स्पेशल्स' तोंडपाठ म्हणून दाखवतो तेव्हा दर सांगत नाही. विचारा. लाजायचं काही कारण नाही, तोही त्यासाठी तयारच असतो.

पाणी विकत घ्यावं लागतं का?

"स्टिल ऑर स्पार्कलिंग?" या प्रश्नाला दोन्ही उत्तरं पैशांची. "टॅप वॉटर, नो आइस" म्हणा. न्यूयॉर्कचं नळाचं पाणी उत्तम आहे, डोंगरांतल्या तलावांतून येतं, आणि फुकट. गरम पाणी मागितलं तर कपात लिंबाची फोड घालून आणतात.

बिल कसं वाचायचं? टिप किती द्यायची?

आधी शब्द: इथे बिलाला 'चेक' म्हणतात. बोलावल्याशिवाय बहुधा आणत नाहीत, तेव्हा तासभर वाट बघत बसू नका.

मेनूतल्या दरात कर धरलेला नसतो. न्यूयॉर्क शहरात विक्रीकर ८.८७५ टक्के. समजा जेवण ९० डॉलरचं झालं. कर ७.९९. टिप वीस टक्के, मूळ ९० वर, म्हणजे १८. एकूण ११५.९९. मेनू बघतानाच मनात सव्वापटीहून थोडं जास्त धरून ठेवा, म्हणजे शेवटी दचकायला होत नाही. गणित जमत नसेल तर इथली जुनी युक्ती: कराच्या आकड्याची दुप्पट करा, जवळपास अठरा टक्के होतात.

टिप का द्यायची म्हणून दरवेळी वाद होतो. बाबा म्हणतात, पगार मालकाने द्यावा. तत्त्व म्हणून मलाही पटतं. पण न्यूयॉर्कच्या कायद्यात वेटरला किमान वेतनापेक्षा कमी रोख पगार देण्याची मालकाला मुभा आहे, उरलेली भर टिपमधून पडेल असं गृहीत धरून. तेव्हा तुम्ही तत्त्व पाळलंत तर किंमत मालक मोजत नाही, वेटर मोजतो. अठरा ते वीस टक्के रीत आहे. फारच वाईट अनुभव आला तर कमी द्या, पण काहीच न देणं इथे शिवी दिल्यासारखं असतं.

कार्ड दिलंत तर वेटर ते घेऊन आत जातो. घाबरू नका, जुनी पद्धत आहे. मग दोन पावत्या येतात. एकीवर टिपचा आकडा आणि एकूण आकडा आपण पेनाने लिहायचा, सही करायची, ती ठेवून यायचं. दुसरी आपली.

आता माझी फजिती. आम्ही सहा जण होतो. नाव सांगत नाही त्या हॉटेलाचं. जेवण १६८ डॉलरचं. बिलात करासोबत आणखी एक ओळ होती, 'ग्रॅच्युइटी ३३.६०', आणि एकूण २१६.५१. गप्पांच्या नादात मी फक्त तळाचा आकडा पाहिला, त्यावर वीस टक्के काढले आणि वर आणखी ४३ डॉलर लिहून सही ठोकली. वेटर अगदी दारापर्यंत सोडायला आला. मला वाटलं, किती अगत्याची माणसं! ट्रेनमध्ये पावती बघितली तेव्हा अगत्याचं कारण कळलं. सहा किंवा जास्त माणसं असली की पुष्कळ हॉटेलं टिप आधीच लावतात. ग्रॅच्युइटी किंवा सर्व्हिस चार्ज दिसला की खालची टिपची रेघ रिकामी सोडायची.

पिझ्झा तिथेच खावा का?

स्प्रिंग स्ट्रीटवर लोम्बार्डीज आहे, दोन-चार चौक उत्तरेला. जेनारो लोम्बार्डी यांनी १९०५ मध्ये सुरू केलेलं, अमेरिकेतलं पहिलं पिझ्झाचं दुकान म्हणून ओळखलं जातं. मध्ये १९८४ ला बंद पडलं होतं, १९९४ ला त्याच रस्त्यावर दुसऱ्या जागेत पुन्हा सुरू झालं. भट्टी कोळशाची. त्यामुळे पिझ्झाच्या कडेला आणि बुडाला काळे डाग येतात. आमच्याकडच्या एका काकूंनी "करपलंय" म्हणून परत पाठवायला काढला होता. भाकरीला पापुद्र्यावर डाग पडतात ना, तसं समजा. अख्खा पिझ्झाच मागवावा लागतो, इथल्या भाषेत 'पाय'. तुकडा म्हणजे 'स्लाइस' हवा असेल तर तो शहरभर नाक्यानाक्यावर मिळतो.

हाताने खायचा, मधोमध दुमडून. काटा-सुरी मागितलीत तर उलट लोक तुमच्याकडे बघतील.

गोड काय खावं?

हॉटेलात गोड मागवू नका. हे माझं ठाम मत आहे. बिल द्या, उठा, आणि ग्रँड स्ट्रीटवर फेरारामध्ये जा. १८९२ पासूनची बेकरी. काचेच्या कपाटासमोर उभं राहून बोट दाखवायचं. कानोली म्हणजे तळलेली खुसखुशीत नळी, आत साखर घालून फेटलेलं रिकोटा. रिकोटा दाणेदार असतं, ओलसर खव्यासारखं लागतं, आणि नळी पहिल्या घासाला फुटून अंगावर सांडते. पुरुषांनी काळा शर्ट घालून जाऊ नये, वरची पिठीसाखर लपत नाही. काटेकोर शाकाहाऱ्यांनी विचारून घ्या, नळीच्या पिठात पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी घालतात आणि अंडंही असू शकतं. तिरामिसूत अंडं असतंच, बऱ्याचदा दारूही. पन्ना कोत्तात जिलेटिन. आत्यासाठी आम्ही लेमन आइस घेतो. पाणी, साखर, लिंबू. बर्फाच्या गोळ्याचा शिकलेला भाऊ.

इटलीत दुपारी जेवणानंतर कापुचिनो मागितला तर हसतात म्हणे. इथे रात्री दहालाही खुशाल मागा.

सप्टेंबरमध्ये जत्रा असते म्हणतात, तेव्हा यावं का?

सान जेनारोची जत्रा. नेपल्सचा रक्षक संत, त्याचा दिवस १९ सप्टेंबर. इथे नेपल्सहून आलेल्यांनी १९२६ मध्ये पहिल्यांदा साजरा केला, आता अकरा दिवस चालतो. मूर्ती मिरवणुकीने फिरवतात, तिच्या फितींना लोक डॉलरच्या नोटा टाचतात, मागे बँड. बहुतेक वर्षी आपले गणपतीही त्याच सुमाराला येतात, आणि मंडपाबाहेर वाढलेल्या आमच्या बाबांना तिथे काहीच परकं वाटलं नाही. त्यांनी पाकिटातून एक डॉलर काढून टाचायला दिलासुद्धा.

पण जेवायला म्हणून येऊ नका. रस्ता पाय ठेवायला जागा नाही इतका भरतो, हवेत तळलेल्या सॉसेजचा वास. झेप्पोले घ्या, कागदी पिशवीत पिठाचे गरम गोळे, वर साखर, पिशवी हलवून द्यायची. आणि सुटा.

तिथे माफियाचे खून झाले होते ना?

मुलांना विचारायचं असतं आणि मोठे विचारतात. हो, ७ एप्रिल १९७२ च्या पहाटे जो गॅलो नावाचा टोळीवाला मलबरी आणि हेस्टर स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या उंबेर्तोज क्लॅम हाउसमध्ये वाढदिवसाचं जेवण जेवत असताना गोळ्या घालून मारला गेला. ते हॉटेल नंतर जागा बदलून त्याच रस्त्यावर आलं. वेटरला हे विचारू नका. दिवसातून दहा जण विचारतात.

वयस्कर माणसं बरोबर असतील तर काय लक्षात ठेवावं?

बारा वाजता या. गर्दी नसते, आणि साध्या दिवशी काही ठिकाणी दुपारच्या जेवणाचे वेगळे, स्वस्त दर असतात. शनिवारी संध्याकाळी टेबल आधी सांगून ठेवा. आत बसा, फुटपाथवर नाही. बाहेरच्या खुर्च्या डुगडुगतात आणि मोटारींचा धूर सॉसमध्ये उतरतो. बाथरूम बहुधा तळघरात असतं, अरुंद जिन्याने, तेव्हा गुडघेदुखी असेल तर बसण्याआधी विचारा. रस्त्यावर सार्वजनिक सोय नसल्यासारखीच आहे, म्हणून निघताना प्रत्येकाने जाऊनच यायचं. आमच्याकडे हा नियम प्रवासी कंपनीच्या वरताण पाळला जातो.

उरलेलं घरी आणता येतं का?

येतं, आणि आणावंच. "पार्सल" कुणाला कळणार नाही, "टू गो बॉक्स" म्हणा. डबा देतात, आपलं आपण भरायचं. ट्रेनमध्ये मांडीवर घेऊन बसा, वरच्या फळीवर ठेवला की विसरतो, आम्ही दोनदा विसरलोय.

दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घालायच्या आत आईने तो पेन्ने ताब्यात घेतला. कढईत तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, दोन हिरव्या मिरच्या, वरून तो लाल सॉसातला पास्ता, शेवटी कोथिंबीर आणि लिंबू. फोडणीच्या पोळीसारखा. बाबांनी दोनदा घेतला आणि विचारलं, हा काल का नव्हता मेनूत?